एकवीस वर्षांनी आलेली हाक

आजची गोष्ट आपल्या तालुक्यातली नाही, आपल्या देशातलीही नाही. पण ती रेडिओची गोष्ट आहे आणि तुम्ही रोज रेडिओ ऐकणाऱ्या, तेव्हा ती तुमचीच समजून ऐका.

तारीख होती २१ जून २००२. इंग्लंडमध्ये पॅट गोवेन नावाचे एक जुने रेडिओवेडे गृहस्थ आपल्या घरच्या यंत्रावर कान लावून बसले होते. बटण फिरवता फिरवता त्यांना एक बारीक, तुटक शिट्टी ऐकू आली. बोलणं नव्हतं, गाणं नव्हतं. पूर्वी तार ऑफिसात ‘कट्ट कडकट्ट’ चालायचं, तशी लहानमोठ्या ठोक्यांची भाषा होती. सावकाश चाललेली. त्या आकड्यावर बोलणारा त्या काळात कोणीच ठाऊक नव्हता. मग हे कोण बोलतंय?

ज्यांच्या घरी कधी तार आली असेल त्यांना आठवत असेल, तार म्हटलं की अर्धं घर आधी रडायला लागायचं. ती तार ज्या ठोक्यांच्या लिपीतून यायची तिचं नाव मोर्स. आखूड ठोका, लांब ठोका, आणि त्यांच्या जोडणीतून अक्षरं आणि आकडे. आपल्याकडची तार २०१३ मध्ये बंद झाली. पण ही लिपी काही लोकांनी हौसेनं जिवंत ठेवली आहे. त्यांना हॅम म्हणतात, आपण हौशी रेडिओवाले म्हणू. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि घरच्या यंत्रावरून जगभरच्या दुसऱ्या हौशींशी बोलायचं. पैसे मिळत नाहीत, उलट खर्चच होतो. आपल्याकडे कोणी विचारेल, मग हा उद्योग करायचा कशाला?

त्याचं उत्तर मी एका बाईच्या नावानं देते. भारती प्रसाद. दिल्लीच्या. डिसेंबर २००४ मध्ये त्या आपल्या सोबत्यांबरोबर अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. तिथून हौशी रेडिओ लावायची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती आणि जगभरचे हौशी त्यांच्याशी बोलायला रांग लावून होते. २६ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. फोन बंद पडले. मग त्याच हौशी यंत्रावरून भारतीताईंनी आणि त्यांच्या गटानं पुढचे कित्येक दिवस निरोप पाठवले. अमका जिवंत आहे, तमक्या बेटावर मदत हवी आहे. बेटावरची माणसं आणि इकडे जीव मुठीत धरून बसलेले त्यांचे नातलग यांच्यामध्ये ती एक तार होती. मी हे मुद्दाम सांगितलं, कारण आजच्या बाकीच्या गोष्टीत सगळी नावं पुरुषांची आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. या हौशी लोकांना आपला स्वतःचा उपग्रह असावा असं वाटलं, तो काळ अगदी सुरुवातीचा होता. रशियानं पहिला उपग्रह स्पुटनिक सोडला ऑक्टोबर १९५७ मध्ये. त्याला चार-सव्वाचार वर्षं होतात न होतात तोच, १२ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे आपला गोवा मुक्त झाला त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, अमेरिकेतल्या हौशींचा ‘ऑस्कर’ आकाशात गेला. साडेचार किलोचा डबा. सरकारी रॉकेटवर तोल साधायला वजन ठेवतात, त्या वजनाच्या जागी त्याला बसवलं होतं. एसटीच्या टपावर कोणाची तरी ट्रंक चढवून द्यावी तसं. हा डबा तीन आठवडे मोर्समध्ये एकच शब्द म्हणत राहिला, ‘हाय’. चार आखूड ठोके, थोडं थांबून दोन आखूड ठोके. तो शब्द किती भरभर येतो यावरून डबा आत किती तापला आहे ते कळायचं. अठ्ठावीस देशांतल्या पाचशेहून जास्त हौशींनी तो ऐकून नोंदी पाठवल्या.

तिथून पुढे एकेक ऑस्कर जात राहिला. १९७० साली गेलेला पाचवा ऑस्कर ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवला होता. त्याच्या अँटेना होत्या पोलादी मोजपट्टीच्या, गवंडी-सुतारांकडे असते ना गुंडाळणारी, ती. दुमडून बसवली की जागा लागत नाही आणि मोकळी सोडली की आपोआप ताठ उभी राहते. मला या माणसांचं हेच आवडतं. हाताशी जे आहे त्यातून काम काढायचं.

आपली आजची गोष्ट आहे सातव्या ऑस्करची. तो १५ नोव्हेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातून सुटला. आपला ‘आर्यभट्ट’ गेला एप्रिल १९७५ मध्ये, म्हणजे हा त्याच्याहून पाच महिन्यांनी थोरला. वजन २९ किलोच्या आसपास. अमेरिका, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या हौशींनी आपापल्या वेळात त्याचे भाग बनवले. पृथ्वीपासून साधारण १४५० किलोमीटर उंचीवरून तो फिरू लागला. एक फेरी ११५ मिनिटांची.

याचं काम काय? समजा दोन वाड्या डोंगराच्या दोन बाजूंना आहेत. इकडची हाक तिकडे जात नाही. पण मधल्या माथ्यावर एक बाई उभी राहिली, तिनं इकडची हाक ऐकली आणि तिकडे तोंड करून तीच हाक मारली, तर निरोप पोचतो. सातवा ऑस्कर म्हणजे माथ्यावरची ती बाई. जमिनीवरून आलेला आवाज एका आकड्यावर घ्यायचा आणि दुसऱ्या आकड्यावर खाली सोडायचा. अशा दोन वाटा त्याच्यात होत्या, त्यांना ए आणि बी म्हणत. एका वेळी एकच चालू असायची.

शिवाय त्याच्यात एक छोटी तारवाली होती. ती मोर्समध्ये सतत आपल्या प्रकृतीचा अहवाल द्यायची. आधी ‘हाय हाय’, मग आकडे. तिची ताकद एका वॉटचा पाचवा भाग. आपल्या कम्युनिटी रेडिओचं यंत्र साधारण पन्नास वॉटचं असतं आणि तरीही टेकडी आड आली की पलीकडच्या वाडीतल्या बायका तक्रार करतात, ताई, ऐकू येत नाही. मग पाव वॉटही नसलेली ती तारवाली हजारो किलोमीटरवर कशी ऐकू यायची? एक तर ती डोक्यावर असते, मध्ये टेकडी नाही की घर नाही. आणि दुसरं, तिला गाणं किंवा भाषण पोचवायचं नसतं, नुसती शिट्टी आहे का नाही एवढंच कळवायचं असतं. त्याला ताकद फार थोडी लागते.

दिवस असेल तेव्हा सोलर पत्र्यांवर वीज तयार व्हायची, बॅटरी भरायची. पृथ्वीच्या सावलीत शिरला की बॅटरीवर चालायचं. असं साडेसहा वर्षं चाललं. १९८१ च्या मध्यावर बॅटरी बिघडली. सेल आतल्या आत शॉर्ट झाले. पत्र्यांवर तयार होणारी सगळी वीज त्या शॉर्टमधून वाया जाऊ लागली, जशी फुटलेल्या पाइपातून मोटरचं सगळं पाणी बांधावरच जातं. ऑस्कर गप्प झाला. हौशींनी थोडे दिवस वाट पाहिली, मग तो गेला असं धरलं आणि पुढच्या कामाला लागले.

तो गप्प व्हायच्या आधी त्याच्या हातून झालेलं एक काम मात्र सांगायलाच हवं.

तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या असता आणि हॉर्न वाजवत गाडी येते. येताना हॉर्नचा आवाज बारीक, चढा लागतो आणि शेजारून पुढे गेली की तोच आवाज एकदम जाड होतो. चालकानं हॉर्न बदललेला नसतो. जवळ येणाऱ्या आवाजाच्या लाटा दाटून येतात, दूर जाणाऱ्याच्या विरळ होतात. रेडिओच्या लाटांचंही तेच. उपग्रह आपल्याकडे येताना त्याची शिट्टी चढी, डोक्यावरून गेला की उतरती. ती नेमकी कधी आणि किती उतरली हे लिहून ठेवलं, तर उपग्रह कोणत्या वाटेनं गेला याचं गणित मांडता येतं.

आता हेच उलट करून पाहा. शिट्टी जमिनीवर आहे आणि ऐकणारा वर आहे. म्हणजे एखादं विमान जंगलात कोसळलं, त्यातलं यंत्र संकटाची शिट्टी वाजवतंय आणि वरून जाणारा उपग्रह ती ऐकतोय. शिट्टी कशी उतरली ते पाहून विमान कुठं पडलं ते सांगता येईल का? कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग सहाव्या आणि सातव्या ऑस्करवरून करून पाहिला. या हौशी डब्यांवरून जमिनीवरच्या शिट्टीची जागा काढता येते हे सिद्ध झालं. पुढे कॅनडा, अमेरिका, फ्रान्स आणि रशिया यांनी मिळून शोध आणि सुटकेची उपग्रह यंत्रणा उभी केली. त्या काळी अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले, तरी या कामाला एकत्र आले. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक लहान विमान डोंगरात पडलं. रशियाच्या उपग्रहानं त्याची शिट्टी पकडली आणि तीन माणसं जिवंत सापडली. त्यानंतर आजवर हजारोंचे जीव या यंत्रणेनं वाचवले. भारतही तिच्यात आहे, आपलं केंद्र बंगळुरूला आहे. पहिली तीन माणसं वाचली तेव्हा सातवा ऑस्कर वर्षापूर्वीच मुका झालेला होता.

आता परत २००२ सालात या. पॅट गोवेन यांना शिट्टी ऐकू आली. तिची ओळख कशी पटवायची?

पहिली खूण जागेची. रेडिओच्या पट्टीवर प्रत्येकाला आपापला तुकडा नेमून दिलेला असतो. आपल्या केंद्राचा आकडा वेगळा, आकाशवाणीचा वेगळा, पोलिसांचा वेगळा. ही शिट्टी १४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास होती आणि तो तुकडा हौशी उपग्रहांचा. म्हणजे कोणीतरी आपल्यातलंच.

दुसरी खूण आवाज उतरण्याची. शिट्टी हळूहळू उतरत असेल तर बोलणारा जागच्या जागी नाही, फिरतीवर आहे. जमिनीवरच्या कोणी चेष्टा म्हणून वाजवलेली शिट्टी अशी उतरत नाही. शिवाय उपग्रह मेला म्हणून त्याचं नाव यादीतून जात नाही. अमेरिकेचे रडार आकाशातल्या दिसण्याइतक्या मोठ्या वस्तूंचा माग ठेवतात, मोडके तुकडेसुद्धा. प्रत्येकाला नंबर असतो. सातव्या ऑस्करचा नंबर ७५३०. तो बोलत नव्हता त्या सगळ्या वर्षांत त्याची वाट मात्र कागदावर लिहिली जात होती. त्यामुळे अमक्या वेळी इंग्लंडच्या माथ्यावर कोण होतं हे यादीत पाहता येतं.

तिसरी खूण मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि बचत गटाची वही लिहिणाऱ्या सचिवताईला ती लगेच कळेल. त्या तारवालीचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात असायचा. ‘हाय हाय’ झालं की सहा ओळी, प्रत्येक ओळीत चार आकडे, म्हणजे एकूण चोवीस रकाने. प्रत्येक आकडा तीन अंकी. त्यातला पहिला अंक ओळीचा नंबर आणि पुढचे दोन म्हणजे खरी नोंद. पहिल्या ओळीतला प्रत्येक आकडा एकनं सुरू होणार, दुसऱ्या ओळीतला दोननं, असं करत सहापर्यंत. एखादा आकडा मध्येच खरखरीत बुडाला तरी पुढचा ऐकला की आपण कोणत्या ओळीत आहोत ते कळतं. कोणता रकाना पत्र्यांवरच्या विजेचा, कोणता बॅटरीच्या दाबाचा, कोणता आतल्या उष्णतेचा, हे सगळं १९७४ मध्येच कागदावर छापून वाटलेलं होतं.

शेवटच्या ओळीतला शेवटचा रकाना तर फारच हुशारीचा. तो कशाचंच मोजमाप नाही. काटा बरोबर चालतोय की नाही हे बघायला दुकानदार प्रमाणित वजन ठेवून पाहतो, तसा तो आहे. त्यात नेहमी पन्नास यायला हवेत, म्हणजे आकडा ६५० च्या आसपास. तसा आला तर समजायचं की आधीचे तेवीस रकाने विश्वास ठेवण्यासारखे आहेत.

ही ठेवण दुसऱ्या कोणाची असणार? गोवेन यांना एखाद्या जुन्या ऑस्करची शंका आली आणि त्यांनी बातमी पुढे कळवली. ती पोचली जॅन किंग यांच्यापर्यंत. सातवा ऑस्कर बांधला गेला तेव्हा त्या कामाचे प्रमुख हेच होते. आपण बांधलेलं यंत्र अठ्ठावीस वर्षांनी बोलतंय हे त्यांनी ओळखलं. जुने तक्ते निघाले, आकडे त्यांच्यावर बसवले गेले, दुसऱ्या देशांतल्या हौशींनीही ऐकून खात्री केली. ऑस्कर सात जिवंत होता.

एकवीस वर्षं. बाळ जन्मून मतदान करून लग्नाला येतं एवढा काळ.

मग हे झालं कसं? इंग्रजी वर्तमानपत्रं अशा उपग्रहांना भूत म्हणतात, उठून चालायला लागलेलं प्रेत म्हणतात. मला ते शब्द आवडत नाहीत. आपल्याकडे आधीच प्रत्येक आवाजामागं कोणी ना कोणी काहीतरी बघतं. इथे भुताटकी काही नाही, साधी तार तुटली आहे. बॅटरीतला जो सेल शॉर्ट होऊन सगळी वीज खात होता, तोच वर्षानुवर्षं थंडी-उष्णता सोसून शेवटी आतून तुटला आणि वाट बंद झाली. बॅटरी कायमची बाद. पण त्यामुळे पत्र्यांवरची वीज वाया जायची थांबली आणि सरळ यंत्राला मिळू लागली. म्हणजे जे बिघडलं होतं तेच आणखी बिघडलं आणि काम सुरू झालं!

आता तुमच्यापैकी ज्यांच्या शेतात सौर पंप बसला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पंपाला बॅटरी नसते. ऊन आहे तोवर पाणी, ढग आला की पाणी बारीक, सूर्य बुडाला की बंद. सातव्या ऑस्करचं तेव्हापासून नेमकं तेच झालं आहे. उन्हात आला की चालू, पृथ्वीच्या सावलीत गेला की बंद.

पण यात एक गंमत आहे. बॅटरी नाही म्हणजे त्याला आठवण नाही. सावलीतून बाहेर आला की तो दर वेळी नव्यानं जन्मतो. मघाशी सांगितलेल्या दोन वाटांपैकी कोणती वाट चालू होईल याचा नेम नाही. कधी ए, कधी बी. वर्षातले काही आठवडे असे येतात की तो सावलीत जातच नाही, त्याला अखंड ऊन असतं. तेव्हा त्याच्यातलं जुनं घड्याळ चालत राहतं आणि चोवीस तासांनी वाट बदलत राहतं. आज ए, उद्या बी. पन्नास वर्षांपूर्वीचं ते घड्याळ अजून चालतंय. म्हणून जगभरचे हौशी लिहून कळवत असतात, आज आमच्यावरून गेला तेव्हा अमुक वाट चालू होती. एकाच्या नोंदीवर दुसऱ्याची वेळ ठरते.

आणि त्याला वापरायची शिस्तही न्यारी आहे. बॅटरी असती तर थोडा जास्त भार सहन झाला असता. आता वीज जेवढी पत्र्यावर येते तेवढीच. खालून कोणी मोठ्या ताकदीच्या यंत्रानं ओरडलं, तर त्याचं ओरडणं खाली पाठवण्यात सगळी वीज जाते, बाकीच्यांचे आवाज थरथरायला लागतात आणि कधी कधी उपग्रह अर्ध्यातच बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून नियम असा की कमीत कमी ताकदीनं बोलायचं. नळाला पाणी कमी आलं असताना वरच्या आळीत एकानं मोटर लावली की खालच्या आळीत काय होतं, ते आपण रोज बघतो. फरक एवढाच की इथे दंड करणारी ग्रामपंचायत नाही, लोक आपापसात बोलून सांभाळतात. नेहमी सांभाळतातच असं नाही, पण चालतंय खरं.

अनोळखी शिट्टी ऐकून ती कोणाची हे शोधण्याचं काम हौशी लोकांनी याआधीही केलं होतं. इंग्लंडमध्ये केटरिंग गावची शाळा होती. तिथले विज्ञानाचे मास्तर जेफ्री पेरी पोरांना घेऊन रशियन उपग्रहांच्या शिट्ट्या ऐकायचे आणि वेळा वहीत मांडायचे. १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ नावाच्या उपग्रहाची वाट त्यांना रशियाच्या माहीत असलेल्या तळाशी जुळेना. गणित करता करता त्यांनी जाहीर केलं की रशियाचा उत्तरेला दुसरा, गुप्त तळ आहे. तो खरंच होता, प्लेसेत्स्कला. शाळेतला रेडिओ आणि वह्या यांच्या जोरावर ही बातमी बाहेर आली.

अलीकडचं उदाहरण २०१८ सालचं. कॅनडातले स्कॉट टिली हे हौशी, दुसराच एक उपग्रह शोधत असताना त्यांना जानेवारीत अनोळखी शिट्टी सापडली. उतरत्या शिट्टीचा आलेख काढून त्यांनी तो यादीतल्या वाटांशी ताडून पाहिला. तो निघाला ‘इमेज’, नासाचा शास्त्रीय उपग्रह. नासाचा त्याच्याशी डिसेंबर २००५ मध्ये संपर्क तुटला होता आणि त्यांनी आशा सोडली होती. टिलींनी कळवल्यावर नासानं आपल्या मोठ्या अँटेना तिकडे वळवल्या. आलेल्या माहितीत उपग्रहाचा स्वतःचा ओळख क्रमांक सापडला, १६६. तेव्हा कुठे शिक्कामोर्तब झालं. एवढी मोठी संस्था, पण कान एका घरातल्या माणसाचे कामाला आले.

आपल्या देशाचाही एक हौशी उपग्रह आहे. नाव हॅमसॅट. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून ‘कार्टोसॅट-१’ बरोबर तो गेला. वजन साडेबेचाळीस किलो. त्याच्यातही दोन वाटा होत्या, एक भारतात बनवलेली आणि दुसरी नेदरलँडच्या एका विद्यार्थ्यानं. त्सुनामीत भारतीताईंच्या यंत्रावरून निरोप गेले त्याला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. डोंगर किंवा समुद्र आड येऊन जिथं हाक पोचत नाही तिथंच असा उपग्रह उपयोगी पडतो. हॅमसॅट नऊ वर्षं चालला. मग त्याचीही बॅटरी गेली आणि ११ जुलै २०१४ रोजी तो थांबला. त्याची बॅटरी वेगळ्या जातीची, लिथियमची. सातव्या ऑस्करसारखं नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या पोरापोरींनीही असे डबे बनवले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’, वजन किलोच्याही आत, २२ जून २०१६ रोजी गेला. मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. दोन्ही हौशींच्याच पट्टीवर बोलणारे.

आता तुम्ही विचाराल, तो सातवा ऑस्कर अजून आहे का? आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला वर जाऊन पन्नास वर्षं झाली, तेव्हाही हौशी त्याच्यावरून एकमेकांशी बोलत होते. दिवसातून काही वेळा तो आपल्या महाराष्ट्रावरूनही जातो. एका खेपेला फार तर वीसेक मिनिटं. स्वयंपाकघरातल्या एफएम रेडिओवर किंवा मोबाइलवर मात्र तो लागायचा नाही. त्याला १४५ मेगाहर्ट्झच्या पट्टीवरची शिट्टी पकडणारं यंत्र आणि दिशा धरणारी अँटेना लागते. परवानाधारक हॅमकडे ती असते. तुमच्या ओळखीत कोणी हॅम असेल, तर गटातल्या शाळकरी मुलींना घेऊन जा. बारा वर्षांच्या पुढच्या कोणालाही या परवान्याची परीक्षा देता येते. जाण्याआधी त्यांना विचारून घ्या, आज तो उन्हात असताना आपल्यावरून किती वाजता जाणार. आणि जाताना वही-पेन न्या. ‘हाय हाय’ झालं की आकडे सुरू होतात. सावकाश असतात, लिहून घेता येतात. सहावी ओळ येईपर्यंत थांबा आणि शेवटचा आकडा काय आला ते मला कळवा.